पेंड दाबून काढलेलं तेल

यरुशलेमच्या मंदिरातल्या कोठाराची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. अंजिरांची टोपली डोक्यावर घेऊन हमूटल उभी होती. तिच्या पुढे शेतकरी इद्दो आणि त्याच्याच गावचा मत्तन्या, देवाच्या सेवेला वाहिलेल्या लेवी कुळातला. इद्दोची जीभ सुटलेलीच होती.

"तू रे कशाला रांगेत? तुम्हा लेव्यांना ना शेत ना बांध. आम्ही घाम गाळायचा आणि दहावा वाटा तुमच्या दारात आणून टाकायचा."

"टाकता ना काका. त्यातलाच दहावा वाटा मला इथल्या याजकांना द्यावा लागतो."

"म्हणजे घेणाऱ्यालाही सुटका नाही तर."

"नाही. शिवाय मिळालेल्यातलं सगळ्यात चांगलं निवडून द्यायचं. देवाच्या दाराशी राबणाऱ्यांची रीत आहे ती."

"बघू तरी काय निवडलंस."

"हा तेलाचा बुधला."

"थांब. बुधल्याच्या गळ्यातली ही लाल लोकरीची गाठ माझ्या बायकोनं बांधलेली आहे."

"तेल तुमचंच आहे. सगळ्या गावाचं चाखलं, त्यात हेच उजवं निघालं."

इद्दोनं आवाज खाली आणला.

"अरे, हे तेल पेंड पुन्हा दाबून काढलेलं आहे. पहिल्या धारेचं आम्ही घरी ठेवलं."

"चवीवरून कळलं."

"मग बाकीच्यांनी काय दिलं तुला?"

"ते नका विचारू. वर्षभर मी तेच खातो."

"परत गेलास की घरी ये. पहिल्या धारेचा बुधला देतो."

"पुढच्या खेपेला याजकांना देईन."

"तुझ्या भाकरीवर घाल, लेका. याजकांना हे चालतंय."

हमूटलनं टोपली खाली ठेवली आणि तळाशी दडवलेली नासकी अंजिरं वर काढायला घेतली.