मान आहे, हलणारच

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुम्ही हललात का?" आता मला सांगा, ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांना "मान हलवू नका, मान हलवू नका" सांगण्यात घालवला, त्याला हे विचारायचं? सलून आहे माझं. दोन खुर्च्या, एकीच्या मागे मी, दुसरीच्या मागे माझा मुलगा, आणि दिवसभर आमचं हेच चाललेलं, खाली बघा, डावीकडे वळा, आता हलू नका. पण तुमच्यापासून काय लपवायचं... हललो होतो मी. काय करणार, शेवटी मान आहे, हलणारच.

झालं काय, आमचे एक गिऱ्हाईक आहेत, डॉक्टर. तरुणच आहेत, डोक्यावर दोन भोवरे, त्यामुळे केस कसेही कापा, मागे शेंडी उभी ती उभीच. ते एकदा मी केस कापत असताना म्हणाले, "काका, तुमचा मेंदू किती वर्षांचा आहे, माहितेय?" मी म्हटलं, "माझ्याच वयाचा असणार, आम्ही बरोबरच आलो." हसले. म्हणाले, तसं नसतं. हजारो माणसांच्या मेंदूचे फोटो त्यांनी कॉम्प्युटरला दाखवून ठेवलेत, प्रत्येकाच्या वयासकट, आणि आता नवा फोटो दाखवला की तो अंदाजाने वय सांगतो. आम्ही नाही का मानेवरचे केस बघून सांगत, हा पन्नाशीचा, हा चाळिशीचा पण कलप लावून आलाय, तसंच. मग कुणाचा मेंदू वयाच्या मानाने ताजा, कुणाचा थकलेला, आणि तो का थकला, हे त्यांना शोधायचंय. त्यासाठी म्हणे साठीच्या पुढची धडधाकट माणसं हवीत. धडधाकट म्हटल्यावर मी कशाला मागे राहतोय? गेलो.

तुम्हाला सांगतो, त्या मशीनमध्ये माणूस घालतात म्हणजे अगदी ड्रॉवर लावल्यासारखा आत सरकवतात. डोक्याभोवती पिंजरा, कानात बोळे, आणि आवाज काय, ठक ठक ठक ठक, घर्रर्र, ठक ठक, शेजारच्यांनी घर पाडायला काढल्यासारखा. आणि मधेच त्या काचेपलीकडच्या मुलीचा गोड आवाज, "काका, मान अजिबात हलवायची नाही हं. समजलं?"

आणि मी काय केलं? समजलं म्हणून मान हलवली.

हसू नका. अहो, धंद्याची सवय आहे ती. कंगवा असतो दातात, तोंडाने हो म्हणता येत नाही. गिऱ्हाईक बोलत असतं, महागाई, गुडघे, सून, साहेब, आणि आपण मागे उभे राहून मान डोलवायची. एक म्हणतो सून वाईट, मी हो. पुढच्या खुर्चीत तिचा नवरा, तो म्हणतो आईच वाईट, मी त्यालाही हो. दुकान बंद करून घरी यावं तर तिथे बायको. तिच्यापुढे तर कंगवा नसला तरी तोंड उघडायला फट मिळत नाही, मग तिथेही मानच. आणि ती मशीनवाली मुलगी इतकी अगत्याने विचारत होती, "छान पडून राहिलात काका, ठीक आहात ना?" मी मान डोलवली. "आता थोडंच राहिलं, जमेल ना?" डोलवली. तिला तिकडून दिसत होते माझे पाय, आणि पाय मी अगदी पुतळ्यासारखे ठेवले होते. पण शेवटी मान आहे, हलणारच.

वय माझं त्रेसष्ट. मेंदूचं आलं एकोणऐंशी.

डॉक्टर बिचारे फोनवर सांगत होते, हा नुसता अंदाज आहे, आजार नाही, घाबरू नका, पुन्हा बघू. पण फोन स्पीकरवर होता आणि आमच्या घरात आकडा ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर माझा वस्तरा जागेवर नाही. मी म्हटलं, "अरे, वस्तरा कुठाय?" मुलगा आरसा पुसत पुसत म्हणतो, "बाबा, तुम्ही जरा पाणी मारायचं बघा ना. टॉवेलांच्या घड्याही राहिल्यात." ज्याचा हात धरून मी ब्लेड कसं धरायचं ते शिकवलं, तो मला फुस फुस बाटली देतो हातात. आणि कसं बोलतो, तर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. अरे, मेंदू म्हातारा निघालाय, कान नाही.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. वस्तरा हातात नाही तर मी त्या दुकानात कोण? पंख्यासारखा एका कोपऱ्यात फिरत राहणार.

पण ते परवडलं हो, बायकोचं बघवेना. आमची ही म्हणजे सकाळी उठल्यापासून, ओला टॉवेल गादीवर का, चष्मा फ्रिजवर का, दिवा कोण मालवणार. एकोणऐंशी कळल्यावर मी गादीवर ओला टॉवेल टाकला, आणि ती आली, तिने बघितला, उचलला, आणि म्हणाली, "असू दे." मुद्दाम दिवे चालू ठेवले, असू दे. चप्पल घालून स्वयंपाकघरात गेलो, असू दे. शेवटी बघतो तर साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, "साखर". मिठाच्या डब्यावर "मीठ". आणि स्वतः रोज दुपारी लोकर-सुया घेऊन सलूनमधल्या बाकावर येऊन बसायला लागली. कशाला आलीस म्हटलं, तर म्हणे घरी उजेड कमी पडतो. विणताना लक्ष सगळं माझ्यावर, आणि टाके सुटतायत.

मग एकदा आले ते डॉक्टर. म्हणाले, "काकांकडूनच कापून घेणार." मुलाने नुसती कात्री दिली मला, तीही जिवावर आल्यासारखी. मी कंगवा धरला दातात, डॉक्टर बोलायला लागले, मी मागे मान डोलवतोय, आणि आरशात बघता बघता ते एकदम मागे वळले. "काका," म्हणाले, "मशीनमध्येही तुम्ही असंच...?"

मी पुन्हा मान डोलवली.

अहो, तो माणूस अर्ध्या कापलेल्या डोक्याने उठून फोन करायला गेला. फोटो काढताना मान हलली ना, की फोटो जरासा बिघडतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं मेंदूच सुकलाय. म्हणजे ते एकोणऐंशी खरं की खोटं, कुणालाच माहीत नाही. पुन्हा आत जायचं आणि या खेपेला हलायचं नाही.

आता सवय मोडायची कशी? बायको म्हणाली, "मी मोडते." दुकान बंद झाल्यावर मला माझ्याच खुर्चीत बसवलं, अंगाभोवती कापड गुंडाळलं, डोक्यावर हात ठेवून मागे उभी राहिली. "मी बोलणार. मान हलवायची नाही, तोंड उघडायचं नाही, बोललं तरी मान हलते." आणि सुरू झाली. टॉवेल, चष्मा, माझा भाऊ, तिच्या बहिणीच्या लग्नात मी झोपलो होतो तो प्रसंग, सगळं. मी दगड. मग ती थांबली. आरशात बघत होती माझ्याकडे. हळूच म्हणाली, "शेवटपर्यंत ओळखाल ना मला?"

आता काय करायचं सांगा... ही काही विचारायची वेळ होती? हात तिचा डोक्यावर. इतक्या वर्षांत हजार गोष्टींना मान हलवली, त्यातल्या निम्म्या न ऐकता. आणि ही एक गोष्ट अशी, की हलवायलाच हवी होती. मी नाही हलवली. डोळ्यांतून पाणी नाकावर आलं, तेही पुसलं नाही. ती म्हणाली, "जमलं तुम्हाला." आणि कापड झटकून घडी घालायला लागली, पाठ करून.

दुसऱ्या दिवशी गेलो मशीनमध्ये. ठक ठक, घर्रर्र, "काका, ठीक ना?" मी ढिम्म. ते उत्तर मानेत अडकवून पडलो होतो, मान आखडली, पण हललो नाही. बाहेर काढलं तसा तडक गेलो, ही बाहेरच्या बाकावर बसलेली, हातात माझे बूट धरून. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि डोलवली मान, डोलवली, डोलवतच राहिलो. नर्सला वाटलं चक्कर आली, तिने खुर्ची आणली.

सहासष्ट आलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार वर्षं इकडेतिकडे म्हणजे काही नाही, जो तो आपल्या चालीने म्हातारा होतो. घरी आल्याआल्या ही म्हणाली, "टॉवेल उचला आधी." काय सांगू, कानाला इतकं गोड लागलं ते. दुकानात मुलाने वस्तरा आणून दिला आणि स्वतःच माझ्या खुर्चीत बसून हनुवटी वर केली. दाढी त्याने सकाळीच केली होती. मी म्हटलं, "मान हलवू नकोस," पण माझाच आवाज हलला.

आता इथे संपायला काही हरकत होती का? पण डॉक्टरांना बायकाही हव्या होत्या. हिला घातलं आत. ही साठीची, आणि हिच्या मेंदूचं वय आलं एक्कावन्न. डॉक्टर म्हणतात असा स्वच्छ फोटो त्यांनी बघितला नाही, केसभर हलल्या नाहीत काकू. हलेल कशाला? लग्न झाल्यापासून माझ्या एका तरी बोलण्याला तिने मान हलवलीय का?

तेव्हापासून घरात नवा कायदा झालाय. काल म्हणाली, "मी एक्कावन्नची, तुम्ही सहासष्टचे. मोठ्या माणसांनी समजून घ्यायचं असतं. पटतंय ना?"

आता शेवटी मान आहे...