कपाटाखालचा फासा

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय गुरुप्रसाद केरकर साहेब, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका धुरी मॅडम, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय नेल्सन आल्मेडा सर, पहिल्या रांगेत बसलेल्या आणि ज्यांच्याकडे बघायचं मी सकाळपासून टाळते आहे त्या कार्मीन आंटी, सहकारी शिक्षकवृंद, आरोंद्याचे ग्रामस्थ आणि खिडकीत चढून बसलेले माझे विद्यार्थी (उतरा रे खाली), तुम्हा सर्वांना या नम्रताचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. धुरी मॅडमनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, ते मला दिसतंय.

सरांनी चौतीस वर्षं गणित कसं शिकवलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी शनिवारबद्दल बोलणार आहे. सकाळची शाळा सुटली की सर वाचनालयात एक खेळ घ्यायचे. जहाजावर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने, डॉमिंगो अंकलनी, कुठल्याशा बंदरातून तो आणला होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. सर गोष्ट सांगायचे आणि आम्ही तिच्यातली माणसं व्हायचो. मी भालाईत, मितेश चोर, आणि सरांची मुलगी वेनेसा मांत्रिक. वेनेसा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर.

आता मंत्र म्हटला की लागला, असं सरांच्या राज्यात चालेल का? प्रत्येक मंत्राचा कठीणपणा ठरलेला. त्यात समोरच्याचा विरोध मिळवायचा, मांत्रिकाचं कसब वजा करायचं, आणि उरेल तेवढं किंवा त्याहून जास्त वीस बाजूंच्या फाशावर पडायला हवं. अठरा हवे असतील तर अठरा, एकोणीस, वीस. विसात तीन, म्हणजे शंभरात पंधरा. सरांच्या वहीत या सगळ्याचे तक्ते होते, लाल शाईने आखलेले.

मितेशच्या घरी देवळाची पूजा. त्यामुळे फासा म्हणजे त्याला कौलच वाटायचा. देवाला लावलेली पाकळी नीट पडली नाही की आपण पुन्हा लावतो ना? याला तीन पडले की हा म्हणायचा, "सर, कौल स्पष्ट नाय झालो. परत लावया!" पहिल्या दिवशी सर रागावले नाहीत. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर दाखवलं, की तीनदा टाकू दिलं तर शंभरातल्या पंधराचे जवळजवळ एकोणचाळीस होतात. मग म्हणाले, "फाशाक कान नाय, मितेश. तेका कायच ठावक नसता. एकदाच टाकायचो, आणि पडात ता घ्यायचा." तेव्हापासून आमचा नियम ठरला. फासा घरंगळला तरी दिसेल तो आकडा खरा. दिसलाच नाही, तरच परत.

अध्यक्ष महोदय, नववीत असताना वेनेसा आजारी पडली. गोव्यातल्या इस्पितळात फेऱ्या सुरू झाल्या. तिला बरं असेल त्या शनिवारी ती यायची, डोक्याला आईचा, म्हणजे कार्मीन आंटींचा, निळा स्कार्फ बांधून. खेळातली आमची दोन वर्षांची गोष्ट तेव्हा शेवटाला आली होती. खाडीपलीकडे माणसं नेणारा एक तारी होता, कोणाचंच न ऐकणारा. आमची सगळी माणसं त्याच्या होडीत बसलेली, आणि होडी परतवायचा मंत्र एकट्या वेनेसाकडे. सरांनी वही उघडली आणि म्हणाले, अठरा.

तिने फासा टाकला. तो टेबलावरून उडाला आणि पुस्तकांच्या मोठ्या कपाटाखाली गेला. माझीच अंगकाठी बारीक, म्हणून सरांनी मला बघायला सांगितलं. मी फरशीवर गाल टेकून आत बॅटरी मारली. वेनेसाने विचारलं, "काय इला गो?"

मी म्हटलं, "दिसना नाय."

सर म्हणाले, असू दे, पुढच्या शनिवारी परत टाकूया. ती दमली होती, सर तिला घरी घेऊन गेले. गुरुवारी इस्पितळातून तिचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "नम्रता, खरा सांग, काय इला?" मी म्हटलं, "दिसूक नाय गो. शनिवारी ये आणि टाक." ती हसली. "येतंय," म्हणाली. शुक्रवारी ती गेली.

बारा वर्षं झाली. या काळात वाचनालयाला दोनदा रंग दिला, पण सरांनी ते कपाट हलवू दिलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही. शनिवारचा खेळ मात्र त्यांनी सोडला नाही. नवीन मुलं येतात, खेळतात, आणि कपाटाच्या बाजूची एक खुर्ची रिकामी असते. नोकरीला लागल्यापासून मीही दर शनिवारी त्या खुर्चीसमोर बसते. तो पांढरा फासा माझ्या पायापासून दोन हातांवर आहे, हे मला प्रत्येक वेळी ठाऊक असतं. तास चालू असताना, घरी भात वाढून घेताना, मध्येच कानाशी येतं, काय इला गो?

गेल्या आठवड्यात सरांनी ती वही माझ्या हातात दिली. "शनिवार आता तुझो," म्हणाले. एका पानावर बोट ठेवून सांगितलं, "हय काय लिहू नको." तिथे लिहिलं होतं, वेनेसा, होडी परतवणे. पुढची जागा कोरी. आणि त्याच ओळीत, लाल शाईने, अकराचा आकडा खोडून अठरा केलेले.

वेनेसा वाचण्याची शक्यता डॉक्टरांनी शंभरात पंधरा सांगितली होती, हे कार्मीन आंटी मला पूर्वी एकदा बोलल्या होत्या. सर, ते पान बघितल्यावर मला कळलं. मितेशला इतकं समजावणारे तुम्ही, त्या दिवशी तुम्हीही कौल लावला होतात. आणि तो काय पडला हे बघायची हिंमत तुम्हाला आजवर झालेली नाही.

मॅडम, फक्त एक मिनिट.

सर, मला फासा दिसला होता. एकोणीस होते.

मी खोटं बोलले. मंत्र लागला असता तर गोष्ट संपली असती, आणि गोष्ट संपली तर वेनेसा शनिवारी येणार कशाला? डाव अर्धा राहिला की तिला यावंच लागेल, असं मला चौदाव्या वर्षी वाटलं होतं. मी तिला थांबवायला बघत होते. तुमचंच खरं होतं, फाशाला काहीच ठाऊक नसतं. एकोणीस पडूनही ती गेली. पण खेळात तिने होडी परतवली होती, सर. आम्ही सगळे काठाला लागलो होतो. तिने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तिला ते सांगितलं नाही.

कपाट अजून जागेवर आहे. आमचे शिपाई सत्यवानमामा आज खुर्च्यांसाठी ते सरकवणार होते, मी त्यांना थांबवलं. वही इथे आहे, पेनही आहे. ती जागा मी भरलेली नाही. ती तुम्ही भरायची.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या संस्थेचे, मॅडमचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल, वेळही जास्त घेतला, ते सभागृहाने पोटात घालावं. जे बारा वर्षं बोलले नाही, त्याची माफी सभागृहाकडे कशी मागू? ती आंटी, तुमच्याकडे आणि सरांकडे मागते. दिली नाहीत तरी चालेल. पण एकदा घरी जाऊन तिच्या फोटोसमोर तेवढं सांगा, एकोणीस इले म्हणून.