वेबसाइटवरचा नंबर

दातांच्या दवाखान्यात मी बसले होते. ओठांवर जप होता, पण कान शेजारच्या दोन जावांकडे. थोरली शिवणकाम करणारी. धाकटीने तिच्यासाठी वेबसाइट काढलेली.

“फोटो माझ्या शिवणाचे, मग नंबर तुझा का गं?”

“ताई, तुम्ही मशीनवर असता. फोन कोण उचलणार?”

“महिना झाला, एक गिऱ्हाईक फिरकलं नाही.”

“वेबसाइटला वेळ लागतो हो.”

“आणि परवा तू शिवायला आणलेले सहा फ्रॉक?”

“ते मैत्रिणींचे.”

“सहाही जणींना एकदम फ्रॉक सुचले?”

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

“उचल की. माझ्यादेखत बोल.”

धाकटी तोंड फिरवून हळूच बोलली, तरी ऐकू आलंच.

“हो, दुकान माझंच. छे, मी कुठली शिवतेय! शिवायला बाई ठेवलीय.”