पट्टी बरोबर होती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पीक-सांख्यिकी केंद्राचे संचालक माननीय सूर्यभानराव कडलग साहेब, नगरहून मुद्दाम आलेले निवृत्त तारमास्तर आदरणीय कोंडीराम गाडेकर, व्यासपीठावर जराशा अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती श्रीमती पुष्पावती सदाफुले, सहकारी मित्रहो, आणि राहुरीच्या या उन्हात पत्र्याच्या मांडवाखाली बसायचं धाडस केलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

मला वक्ता म्हणून बोलावलं आहे ते या केंद्राचा अभियंता म्हणून. पण आज मी ज्या अधिकाराने बोलणार आहे तो वेगळा आहे. पुष्पावतीबाईंच्या बाबतीत या केंद्रात सगळ्यात मोठी चूक कोणी केली असेल, तर ती मी केली. तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा पहिला हक्क माझाच, नाही का?

गेल्या वर्षीची, म्हणजे त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीची गोष्ट. आपलं गणकयंत्र सुट्या भागांच्या बावीस खोक्यांतून ट्रकने इथे आलं. वायरमन गहिनीनाथ आणि मी, आम्ही दोघांनी अडीच महिने खपून ते जोडलं. एकेक तार मी स्वतः डाख लावून बसवली. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. दिवे लागले, पंखे फिरले, पण नुसत्या दिव्यांनी यंत्र काम करत नाही. नव्या यंत्राला काहीच ठाऊक नसतं. आकडे कुठे ठेवायचे, कुठून घ्यायचे, छापायचे कसे, हे सगळं त्याला आधी शिकवावं लागतं. तो धडा, आम्ही त्याला मूळ सूचनावली म्हणतो, छिद्रं पाडलेल्या लांबलचक कागदी पट्टीवर असतो. टेलिप्रिंटर ती पट्टी वाचतो आणि यंत्राला सांगत जातो. पट्टीचे चौदा भाग. प्रत्येक भागाशेवटी यंत्र बेरीज ताडून पाहतं. चुकली, की लाल दिवा लागतो आणि सगळं पहिल्यापासून.

आमच्याकडे तो लाल दिवा तीन दिवसांत अकरा वेळा लागला.

आणि पुढच्या गुरुवारी मुंबईहून पाहणी समिती यायची होती. यंत्र चालत नसेल तर ते पुण्याला हलवायचं, असं पत्रच आलं होतं. दुष्काळाचं वर्ष. तीन तालुक्यांतल्या पाऊस-पिकांचे आकडे हाताने जुळवायला सात आठवडे लागत होते, आणि कुठल्या गावात पेरणीला बियाणं आधी पाठवायचं ते त्या आकड्यांवर ठरणार होतं.

मग दोष कुणाचा? मूळ पट्टी वाटेत थोडी फाटली होती, म्हणून तिची नक्कल पुष्पावतीबाईंनी काढली होती. नगरच्या तार कार्यालयात चार वर्षं टेलिप्रिंटरवर काढून त्या आमच्याकडे सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आल्या होत्या. मी मुंबईत शिकून आलेला. माझी जोडणी चुकेल कशी? मी त्यांना लेखी विचारणा काढली. ‘सदोष नक्कल केल्याबद्दल नेमणूक का संपवू नये, याचा खुलासा दोन दिवसांत करावा.’ ती भाषा मला आजही शब्दशः पाठ आहे, आणि ती म्हणताना चांगलं वाटत नाही.

त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, “साहेब, पट्टी बरोबर आहे.”

मी म्हटलं, “यंत्र नाही म्हणतंय.”

“यंत्र कधी तिसऱ्या भागात अडतंय, कधी सातव्या. पट्टीत चूक असती तर रोज एकाच जागी अडलं असतं.”

मंडळी, हे मला सुचायला हवं होतं. पण त्यावर मी काय म्हणालो? “तुम्ही खुलासा लेखी द्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मूळ पट्टी आणि नक्कल एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाशी धरली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं गहिनीनाथच्या. वीतभर सरकवायचं, प्रत्येक छिद्रातून उजेड आरपार येतो का पाहायचं. सकाळी बसल्या त्या चहाच्या सुटीपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी गहिनीनाथ माझ्याकडे आला. “सायेब, एकबी भोक बुजलेलं न्हाई. म्या डोळ्यानं बगितलंय. बाईंचं काम लई चोख हाय.”

मग बाई म्हणाल्या, “हा टेलिप्रिंटर मंद चालतोय. आवाज ऐकून कळतंय मला.”

घड्याळ लावून आम्ही अक्षरं मोजली. फरक दिसेना. मी सुटकेचा निःश्वास टाकला, हे कबूल करतो. त्या मात्र म्हणाल्या, “फरक घड्याळात दिसायचा नाही. नादकाटा पाहिजे. मला उद्या अर्ध्या दिवसाची रजा द्या.”

रजा मी दिली, पण बिनपगारी. सकाळच्या एसटीने त्या नगरला गेल्या. इथे बसलेल्या गाडेकर मास्तरांनी त्यांना टेलिप्रिंटर शिकवला होता. मास्तरांनी आपला स्वतःचा, तीस वर्षं वापरलेला नादकाटा पेटीतून काढला आणि शिष्येच्या हातात ठेवला. दुपारी त्या परत आल्या.

हा काटा असतो कसा? चिमट्यासारखा, आपटला की एकाच ठरावीक गतीने कंप पावणारा, आणि दोन पात्यांच्या टोकांना बारीक फटी. तळहातावर आपटायचा आणि कंप सुरू असताना त्या फटींतून मोटारीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या चाकाकडे पाहायचं. गती बरोबर असेल तर पट्टे जागच्या जागी उभे दिसतात. मंद असेल तर मागे सरकतात.

बाईंनी पाहिलं आणि काटा माझ्या हातात दिला. “तुम्हीच बघा.”

पट्टे मागे सरकत होते. अगदी सावकाश, पण सरकत होते. ट्रकच्या धक्क्यांनी मोटारीचा गती राखणारा स्क्रू ढिला झाला होता, म्हणून यंत्राला मधूनच एखादं अक्षर चुकीचं पोचत होतं. मी यंत्रातली तार नि तार तीनदा तपासली होती, पण टेलिप्रिंटर तयार आलेला, म्हणून त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला, काटा आपटला, पाहिलं, पुन्हा केसभर. पाचव्या खेपेला पट्टे उभे राहिले.

मग पट्टी लावली. तिसरा भाग गेला. सातवा गेला. अकराव्याला गहिनीनाथने डोळे मिटून घेतले. चौदावा संपला, आणि क्षणभराने टेलिप्रिंटरने, कुणी बोट न लावता, आपला आपण एक शब्द छापला: ‘तयार’ या अर्थाचा इंग्रजीतला.

गहिनीनाथ म्हणाला, “सायेब, बोललं की हे.”

मी ती लेखी विचारणा मागून घेतली आणि सगळ्यांदेखत फाडली. मला वाटलं, मी मोठेपणा दाखवला. बाई शांतपणे म्हणाल्या, “फाडून काय होतं साहेब? नक्कल फाइलीत हाय. रद्द केल्याचं लेखी द्या.” चिडल्यावर त्यांची जामखेडची बोली अशी एखाद्या शब्दात वर येते. मी तिथेच उभ्याने लेखी दिलं. खाली कारण लिहिलं: ‘पट्टी बरोबर होती. चूक निम्नस्वाक्षरीकाराची.’

गुरुवारी समिती आली. सात आठवड्यांचं काम यंत्राने एका दुपारी केलं. यंत्र राहुरीतच राहिलं, आणि बियाणं पेरणीआधी गावोगाव पोचलं. कडलग साहेबांनी बाईंची नेमणूक कायम केली. आता पुण्याच्या नव्या केंद्राने त्यांना विभागप्रमुख म्हणून बोलावून घेतलं आहे. हाताखाली नऊ माणसं असतील. त्या नऊ जणांना मी एवढंच सांगेन, की या बाई हळू बोलतात, तेव्हा नीट ऐका.

एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. मागच्या महिन्यात बाईंच्या आई, भीमाबाई, केंद्र पाहायला आल्या. दुष्काळात त्या जामखेडकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. यंत्राकडे पाहून त्यांनी विचारलं, “ह्यातलं माज्या पोरीचं काम कंचं?” मी छापील कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. भीमाबाईंना वाचता येत नव्हतं. लेकीने त्यांचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं आणि त्यांच्या गावाचं नाव वाचून दाखवलं. भीमाबाईंनी बोट बराच वेळ तिथून उचललं नाही. मग म्हणाल्या, “आमचं गाव बी मोजलं व्हय.”

अध्यक्ष महाराज, आपण, गाडेकर मास्तरांनी आणि सर्व श्रोत्यांनी उन्हाची पर्वा न करता माझं ऐकलंत, याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात मानपान राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर उदार मनाने पोटात घालावा. कार्यक्रमपत्रिकेत शाल माझ्या हस्ते द्यायची असं छापलं आहे. तेवढा एक बदल करायची परवानगी असावी.

भीमाबाई, तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात. वर या. ही शाल लेकीच्या खांद्यावर तुमच्या हातून जाऊ द्या.