कवळीशेजारची प्लेट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय अमृतलालजी, व्यासपीठावर बसलेले नगरपालिकेचे सन्माननीय सभासद, मोंढ्यातली व्यापारी मंडळी, टेंभुर्णीहून गाड्या जुंपून आलेले माझे भाऊबंद आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माता-भगिनींनो,

फार वेळ उभं राहायची ताकद आता उरलेली नाही, म्हणून खुर्चीला धरूनच बोलतो. अध्यक्षांनी परवानगी दिलीच आहे असं समजतो. वेळही थोडा आहे. इथली निम्मी मंडळी जैन आहेत, दिवस मावळायच्या आत त्यांचा फराळ उरकला पाहिजे.

माझ्याआधी बोललेल्या सगळ्यांनी सांगितलं की दाढ उपटावी तर बद्रीनाथ डॉक्टरांनीच. आभारी आहे. पण खरं सांगू? ते ऐकून मी आणखी थकलो. निजामाच्या अमलात मी इथं दवाखाना उघडला. राज्यं बदलली, पण माणसं दाढ अगदी सहन होईनाशी झाल्यावरच यायची, आणि मी ती उपटायचो. गावाची बोळकी करून ठेवणारा, एवढीच ओळख घेऊन निघायचं का? मनाला लागतं ते. आता हात थरथरतात, म्हणून टेंभुर्णीला परत चाललोय. जाताना एका तोंडाची हकीकत तेवढी सांगू द्या. त्या तोंडातला एकही दात मी काढला नाही.

बालकिशनजींची मुलगी मंजू. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा असेल नऊ-दहा वर्षांची. वरचा जबडा इतका अरुंद, की दात एकमेकांवर चढलेले, टाळू खोल गेलेली, नाकाला जागाच नाही. पोर सदा तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. ओठ फुटलेले, घसा कायम धरलेला. शाळेतली मुलं तिच्यासमोर तोंड वासून उभी राहायची, आणि ही घरी येऊन दादीच्या पदराआड तोंड लपवायची. बालकिशनजी म्हणाले, "डाक्टरसाब, आडवे दात काढून टाका, जागा होऊन जाईल." मी म्हटलं, दात राहू द्या, जबडाच रुंद करू. लहान वयात टाळूच्या मधला सांधा कच्चा असतो, तो हळूहळू फाकवता येतो. पोर मोठी झाली की सांधा पक्का होतो. मग माझ्या हातात काही राहत नाही.

हैदराबादला माझे गुरुजी होते, त्यांच्याकडून बारीक स्क्रू मागवला. टाळूवर बसेल अशी दोन भागांची प्लेट केली आणि मध्ये तो स्क्रू घातला. घरी छोट्या किल्लीनं तो जरा जरा फिरवायचा. दोन्ही भाग दूर सरकतात आणि जबड्याला सोबत नेतात. किल्ली दिली मंजूच्या दादींकडे, भगवतीदेवींकडे. शिस्तीच्या बाबतीत त्या घरात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. त्यांना बजावलं, जेवताना आणि धुताना काढायची, एरवी तोंडातच पाहिजे.

महिने गेले, जबडा काही हलेना. सकाळी प्लेट बसायची नाही. दादी अंगठ्यानं दाबून बसवायच्या आणि पोर रडायची. मी साचा पुन्हा घेतला, प्लेट पुन्हा केली. तेच. म्हटलं, बद्रीनाथ, तुला दात उपटणंच येतं, तेच कर. बालकिशनजीही कंटाळले होते. "राहू द्या डाक्टरसाब, पोरीला किती तरास द्यायचा? दातच काढा." मी दात उपटायची सांडशी उकळत ठेवायच्या बेताला आलो होतो.

अशात भगवतीदेवींची कवळी टोचायला लागली, म्हणून त्यांच्या घरी गेलो. दिवस नुकताच मावळला होता. कोनाड्यात पितळी वाटी, वाटीत पाणी, पाण्यात दादींची कवळी. आणि तिच्या शेजारी मंजूची प्लेट.

म्हटलं, हे काय? त्या शांतपणे म्हणाल्या, "चौविहार हाय न आमचा. दिवस बुडल्यावर तोंडात काईच घालायचं न्हाई. माझी कवळी काढते, तशी पोरीची बी काढते."

म्हणजे दिवसा जबडा फाकायचा आणि रात्री पुन्हा मिटायचा. थकलेला माणूस लवकर चिडतो. मी म्हणालो, "मंग राहू द्या पोरीला तशीच." तेवढ्यात मंजू म्हणाली, "दादी, जीभ तर रातभर तोंडातच राह्यते की." बालकिशनजी हसले. दादी हसल्या नाहीत. "सोचून सांगते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याचं कुलूप काढायला गेलो तर त्या पायरीवर बसलेल्या. गाल सुजलेला, धड बोलता येईना. म्हणाल्या, "उजेड असतानाच कवळी धुवून बसवली. सकाळपातूर हात लावला न्हाई, पाण्याचा थेंब घेतला न्हाई. व्रत मोडल्यावाणी काई वाटलं न्हाई. पोरीला सांगायच्या आधी मला बघायचं होतं."

हिरड्या पार सोलवटल्या होत्या. मी औषध लावलं.

त्या दिवसापासून मंजूची प्लेट उजेडातच उकळलेल्या पाण्यानं धुतली जायची आणि सूर्य वर येईपर्यंत टाळूवर राहायची. जबडा सरकला. दातांना जागा झाली, नाक मोकळं झालं.

असो. बाहेर ऊन उतरलंय, आता थांबतो. आपण शाल पांघरलीत, वेळ काढून आलात, मी आपला ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राहिला नसेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर दमलेल्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. फक्त फराळाला उठताना एकदा मागे सतरंजीकडे बघा. भगवतीदेवींना टेकून एक मुलगी बसली आहे. तिच्यात बघण्यासारखं काही दिसणार नाही. मघापासून ती माझं बोलणं ऐकते आहे, तोंड मिटून. या गावात मी काय केलं असं कुणी विचारलं, तर तेवढं दाखवा.