समुद्र दिसावा म्हणून

आगरदांड्याला दिघीच्या बोटीसाठी रांग होती. माझ्याही घरावर स्लॅब आहे, त्यामुळे पुढच्या दोघांच्या स्लॅबच्या बोलण्याकडे कान गेलाच.

“काय महादेवराव, सासुरवाडीला?”

“अनुसूयेला आणायला. घरातल्या उकाड्याला कंटाळून माहेरी गेलीय.”

“कौलं काढून स्लॅब कुणी टाकला?”

“मीच.”

“आणि पश्चिमेचा फणस?”

“तोही मीच तोडला. समुद्र दिसावा म्हणून.”

“दिसतो?”

“दुपारभर ऊन येतं. पडदा लावून बसतो.”

“मग वहिनी कशाला परत येतील?”

“स्लॅबवर कौलं चढवतोय, नवा फणसही लावलाय, असं सांगणार.”

“केवढा झालाय फणस?”

“दोन पानं फुटलीत.”

“आणि नाहीच आल्या तर?”

“म्हणून तर माझेही कपडे घेतलेत. सासऱ्यांचं घर अजून कौलारू आहे.”