बेडूक की हत्ती

दवाखान्यात आम्ही सगळे बाकावर बसलो होतो आणि चार वर्षांची एक पोर बाकाखाली. तिच्या किंकाळीने माझा वर्षभर बंद पडलेला कान उघडला, शप्पथ!

"गप्प बसावी म्हणून सुईची भीती दाखवलीत ना, बाबा? आता काढा बाहेर," पोरीची आई शेजारी बसलेल्या आपल्या वडिलांना म्हणाली.

"मने, बाहेर ये, नाहीतर डॉक्टर मोठ्ठी सुई..."

"बाबा! आणखी एक सुई काढलीत तर मीही बाकाखाली जाईन."

"मग तूच बघ बाई. नंबर आलाय आपला."

"मने, कान दुखतोय ना? डॉक्टर बॅटरी लावून कानात बघणार. आज सुई नाही."

"आजोबा म्हणाले, आहे."

"आजोबांनाच विचार."

"नाही गं राणी. मी आपली थाप मारली."

"ऐकलंस? आता आत कसं जायचं, ते तू ठरव. बेडूक होऊन की हत्ती होऊन?"

"बेडूक. आजोबापण बेडूक."

"अगं, माझे गुडघे!"

"मग आजोबा हत्ती. सोंड हलवायची हं."

डॉक्टरांनी दार उघडलं, तर पुढे टुणटुण बेडूक, मागे डुलत हत्ती.

"पेशंट कोण?"

"मी. पण ह्या हत्तीला सुई नका देऊ हं. तो फार घाबरतो."